सव्वानऊचे अकरा ब्लॉक: रिट्रीटमधल्या एका गोधडीचं प्रकरण

शुक्रवारी दुपारी चारला मशीनसमोर बसले तेव्हा माझ्याकडे गोधडीचे १६ ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, तयार होते आणि २६ व्हायचे होते. रविवारी दुपारी निघताना ३० ब्लॉक होते, एकही व्हायचा राहिला नव्हता, आणि गोधडी मात्र भलतीच झाली होती. मधे काय झालं ते आत्ताच लिहून ठेवते, कारण आमच्यातल्या दोघींना ते आजच वेगवेगळं आठवतंय आणि अजून महिनाभराने मलाही वाटायला लागेल की मी मुद्दामच तसं डिझाइन केलं होतं.

गोधडी कुठवर आली होती

ब्लॉक चर्न डॅशचा. लोणी काढायच्या घुसळणीतल्या दांड्यावरून हे नाव पडलंय, ह्यालाच मंकी रेंच म्हणतात, होल इन द बार्न डोअर पण म्हणतात, इतकी नावं की दोघी जणी एकाच ब्लॉकवरून भांडू शकतात आणि आम्ही भांडलोय. रचना एकदम सोपी, तीन बाय तीन, नऊ घरं. चार कोपऱ्यांत हाफ स्क्वेअर ट्रँगल, म्हणजे दोन त्रिकोण कर्णावर जोडून झालेला चौकोन, चार बाजूंना दोन-दोन पट्ट्या जोडलेले चौकोन आणि मधोमध एक साधा. प्रत्येक घर शिवायच्या आधी साडेतीन इंच आणि शिवल्यावर तीन, कारण चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातं. म्हणजे तयार ब्लॉक साडेनऊचा भरायला हवा आणि गोधडीत बसला की नऊचा दिसायला हवा. मांडणी ६ बाय ७, ब्लॉक ४२, माप ५४ बाय ६३ इंच, भोवती तीन इंचाची राखाडी बॉर्डर धरली की ६० बाय ६९.

ते १६ ब्लॉक मी घरी दीड वर्षात केले होते, महिन्याला एकसुद्धा पडत नाही असा वेग. म्हणून रिट्रीट. चौघी मैत्रिणी, गावाबाहेरचं एक घर, मोठी खोली, शुक्रवार दुपार ते रविवार दुपार, बाकी कुणी हाक मारणार नाही. ह्याआधी दोनदा गेलोय आम्ही, आणि दोन्ही वेळा माझा पहिला अख्खा दिवस कापण्यात गेला होता. गप्पा मारत मारत कापायचं म्हणजे काय होतं हे तेव्हा कळलं, एकदा १० तुकडे पाहिजे होते तर १४ कापले आणि ते पण उलट्या दिशेचे.

म्हणून ह्या वेळी तयारी करून गेले. तीन आठवडे रोज रात्री थोडं थोडं करत उरलेल्या २६ ब्लॉकचं सगळं सुटं सामान घरीच तयार केलं. त्रिकोणवाले १०४ चौकोन, पट्ट्यावाले १०४, मधले २६. त्रिकोणांसाठी दोन रंगांचे चार इंची चौकोन समोरासमोर ठेवायचे, कर्णावर पेन्सिलने रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर टीप मारायची आणि रेघेवर कापायचं, एकदम दोन निघतात. हिशोबाने तीन इंच सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुरतात पण मी चार घेते आणि नंतर छाटून नेमके साडेतीनचे करते, कारण कर्णावरची कड उरेब, म्हणजे कापडाच्या तिरप्या दिशेची असते, हात लागला की ताणली जाते, छाटल्याशिवाय त्या चौकोनावर विश्वास ठेवायचा नाही. हे सगळं डब्यांत भरून, डब्यांवर आकडे लिहून नेलं. तिथे फक्त जोडायचं. ब्लॉकमागे आठ शिवणी, बस्स.

हा निर्णय मला अजूनही ह्या प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय वाटतो, आणि गंमत अशी की चूक लपून राहिली ती पण ह्याच्यामुळेच.

शुक्रवार रात्र

माझं मशीन जुनं, लोखंडी, जड. ते उचलून न्यायचं जिवावर आलं होतं आणि एक मैत्रीण म्हणाली, अगं मी दोन आणतेय, तू माझं दुसरं घे. तिला इथून पुढे मी मशीनवाली म्हणणार आहे. बाकीच्या दोघींपैकी एक हातानेच शिवते, कागदाच्या तुकड्यांवर कापड बसवून इंचाचे षटकोन करते आणि ते एकमेकांना जोडते, तिची गोधडी आठ वर्षं चालू आहे आणि तिला काही घाई नाही. चौथी नवखी, तिची पहिलीच गोधडी, सरळ पट्ट्यांची.

बसायला लागलो आणि दहा मिनिटांत लाइट गेली, कारण तीन मशीनं आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. मशीनं बिचारी कमी खातात, इस्त्री एकटी सगळ्यांचं मिळून खाते. इस्त्री बाहेर पॅसेजमधल्या दुसऱ्या प्लगला लावली आणि त्यामुळे दर थोड्या वेळाने उठून चालत जावं लागायचं. वैताग वाटला पण पाठ दोन दिवस दुखली नाही ती बहुतेक त्यामुळेच.

मग मात्र लय लागली. सलग शिवणं, म्हणजे एक जोडी मशीनखालून गेली की दोरा न तोडता लगेच दुसरी सरकवायची, मग तिसरी, मशीनच्या मागे पताकांसारखी लांब माळ लोंबत जाते आणि नंतर एकदम कात्रीने सुट्या करायच्या. ह्या कामाला डोकं लागत नाही, हात आपोआप चालतात आणि तोंड मोकळं राहतं. कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या सासूचं, कुणाच्या गुडघ्याचं, सगळं झालं. साडेतीन तासांत ११ ब्लॉक. म्हणजे ब्लॉकमागे साधारण १९ मिनिटं. मी झोपताना हिशोब केला, उरले १५, उद्या दुपारपर्यंत संपतील, संध्याकाळी ओळी जोडायच्या, रविवारी बॉर्डर. इतका छान हिशोब माझ्या आयुष्यात कुठलाच जुळलेला नाही, तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी सकाळी काय दिसलं

भिंतीवर एक जुनी फ्लॅनेलची चादर टेपने चिकटवलेली होती. फ्लॅनेलवर सुती कापड पिन न लावता चिकटून राहतं, म्हणून मांडणी बघायला बरी. मी आधीचे १६ आणि रात्रीचे ११ मिसळून लावायला घेतले. पहिली ओळ, दुसरी ओळ. आणि नवखी मागे उभी होती ती म्हणाली, "हा जरा लहान आहे का गं?"

मी म्हणाले नाही, चादर वाकडी लागलीये. मग तिने शेजारच्यावर बोट ठेवलं. मग अजून एकावर. पट्टी आणली. जुने सगळे साडेनऊ. रात्रीचे सगळे, एकूण एक, सव्वानऊ.

एखाद-दुसरा लहान असता तर समजू शकते. पण अकराच्या अकरा, अगदी तंतोतंत सारखे लहान. हातशिलाईवाली म्हणाली, "बाई, चूक पण किती शिस्तीत केलीयेस."

कारण

मशीनवालीने लगेच तपासणी केली, ती मला पाठ होती पण रात्री करायची सुचली नाही. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्यायच्या, एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची आणि मधली मोजायची. शिवण बरोबर पाव इंचाची असेल तर मधली पट्टी नेमकी एक इंच उरते. आमची उरली सात सूत. म्हणजे दोन शिवणींत मिळून एक सूत जास्त जात होतं, एका शिवणीत अर्धा सूत. दीड मिलिमीटरच्या आसपास. नखाच्या कडेएवढं.

आता हे अर्धं सूत ब्लॉकमध्ये कसं वाढतं बघा. आडव्या रांगेत तीन घरं, दोन शिवणी, आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं कापड जातं, म्हणजे अर्धं सूत चार वेळा. दोन सूत. पाव इंच. साडेनऊचे सव्वानऊ, हिशोब चोख. आणि हेच मी न बघता ४२ ब्लॉकपर्यंत ओढलं असतं तर सहा ब्लॉकच्या ओळीत दीड इंच गायब.

मशीनचा दोष काही नाही. माझ्या मशीनला पाव इंचाचा खास प्रेसर फूट (सुईखाली कापड दाबून धरतो तो भाग) आहे, बाजूला पत्र्याची कड असलेला, कापड त्या कडेला टेकवलं की झालं. हे मशीन साध्या फूटवर होतं आणि त्या फूटची उजवी कड सुईपासून पाव इंचावर नव्हती, अर्धा सूत लांब होती. मी सवयीने कापड फूटच्या कडेला टेकवलं. हाताला जागा ओळखीची वाटली, डोळ्यांनी बघितलंच नाही.

ह्यावर हातशिलाईवालीने आम्हाला दहा मिनिटं ऐकवलं आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हाताने तुकडे जोडायचे तर कापडावर शिवणीची रेघ आखतात आणि रेघेवरून शिवतात, कापताना तुकडा थोडा वाकडा गेला तरी चालतो, माप रेघेत असतं. तिच्या पद्धतीत तर माप कागदातच असतं, कापड कागदावर घट्ट दुमडलं की चुकायला जागाच नाही. ब्रिटनमध्ये १७१८ हे साल ज्यात शिवलेलं आहे असं एक रेशमी पॅचवर्क पांघरूण आहे, ते असंच कागदावर बसवून केलेलं आहे, आणि ती ते उदाहरण दर रिट्रीटला देते. आपलं मशीनवाल्यांचं उलट झालं. १९७९ मध्ये ओल्फा ह्या जपानी कंपनीचा रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर आला, मग खाली ठेवायची मॅट आणि जाड पारदर्शक पट्ट्या आल्या, कापणं इतकं नेमकं आणि भराभर व्हायला लागलं की रेघ आखायची गरजच उरली नाही. रेघ गेली आणि तिच्या जागी फूटची कड आली. कापण्यात मी अर्ध्या सुताचा हट्ट धरते आणि शिवताना एका अनोळखी फूटवर डोळे झाकून विश्वास टाकते, असा सगळा प्रकार.

बरं, ११ ब्लॉक होईपर्यंत कळलं कसं नाही? कारण सगळी घरं आधीच नेमकी साडेतीनची होती आणि सगळ्या शिवणी सारख्याच चुकीच्या होत्या. त्यामुळे ब्लॉकच्या आत सगळं सगळ्याशी जुळत होतं. ओळीला ओळ बसत होती, शिवणींच्या गाठी एकमेकींत अडकत होत्या, कुठे खेचावं लागलं नाही, कुठे फुगा आला नाही. त्रिकोणांची टोकं जराशी, अर्ध्या सुताने, शिवणीत गेली होती पण ते मी रात्रीच्या उजेडात टोकं झिजली असतील म्हणून सोडून दिलं. पट्ट्यावाले चौकोन मी तिथेच शिवले असते तर ते साडेतीनला एक सूत कमी भरले असते, त्रिकोणवाल्यांशी जुळले नसते आणि पहिल्याच ब्लॉकला मी थांबले असते. घरून तयारी करून नेली म्हणून चूक गुळगुळीत झाली. पहिला ब्लॉक झाल्यावर पट्टी ठेवायला दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंदं त्या वेळी कुणाच्या तरी सासूला दिली.

पर्याय, आणि त्यावरून झालेलं भांडण

पहिला पर्याय उसवणं. मशीनवालीचं मत हेच, काम करायचं तर नीट करायचं. मी एक ब्लॉक प्रयोग म्हणून उसवायला घेतला. टाक्याची लांबी दोन मिलिमीटर, छोट्या शिवणीत चाळीस-पंचेचाळीस टाके, लांब शिवणीत एकशे पंधरा-वीस, आठ शिवणींचे मिळून पाचशेच्या घरात. सगळे नाही कापायचे, दर तीन-चार टाक्यांनंतर एक कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, तो सळसळत निघून येतो. तरी एका शिवणीलाच इतका वेळ गेला की अख्ख्या ब्लॉकला २५ मिनिटं धरली, परत शिवायला १९, गुणिले ११, आठ तास. अख्खा शनिवार. आणि उसवताना कापडाच्या कडा दोरे सोडतात ते वेगळंच, दुसऱ्यांदा शिवताना पाव इंच धरायला पाव इंच शिल्लक तर पाहिजे. एकच शिवण उसवून मी थांबले आणि परत मारली.

दुसरा पर्याय जुने १६ छाटून सव्वानऊ करायचे. हे नवखीने सुचवलं आणि कागदावर बरोबर आहे, पण ह्या ब्लॉकमध्ये त्रिकोणांची टोकं ब्लॉकच्या बाहेरच्या कडेवर येतात. कडेने एक सूत कापलं की ओळी जोडताना ती टोकं शिवणीत जाणार आणि ६४ त्रिकोण बोथट दिसणार. मला ते जमलं नसतं, दीड वर्षाचं काम होतं ते.

तिसरा म्हणजे तसेच जोडायचे, मोठ्या-छोट्याला पिना लावून, जास्तीचं कापड मशीनच्या दात्यांकडे ठेवून मुरवत मुरवत. नऊ इंचात पाव इंच मुरतो म्हणा. पण एखाद-दुसऱ्या ठिकाणी. अकरा ब्लॉकच्या चारी बाजूंना मुरवायचं म्हणजे गोधडी जमिनीवर सपाट पडणार नाही, पापडासारखी फुगेल.

सकाळचे अडीच तास ह्यात गेले. एकही टाका पडला नाही. आवाज चढले होते थोडे, खोटं कशाला बोलू. मशीनवालीला वाटत होतं मी पळवाट शोधतेय आणि मला वाटत होतं मशीन तिचं म्हणून ती स्वतःला दोष देतेय आणि राग माझ्यावर काढतेय. दोन्ही बहुतेक खरंच होतं.

तोडगा हातशिलाईवालीकडून आला, हातातला षटकोन खाली न ठेवता. "सगळ्यांना चौकट लाव आणि मग सगळे एका मापाला छाट. छाटायचं ते चौकटीतून जाऊ दे, ब्लॉकमधून कशाला?"

चौकटीचा हिशोब

बॉर्डर आणि गोटासाठी (गोधडीच्या कडेला मुडपून शिवायच्या पट्टीसाठी) आणलेलं राखाडी कापड दीड मीटर होतं, ५९ इंच. त्याच्या दीड इंची पट्ट्या काढायच्या आणि ब्लॉकच्या चारी बाजूंना लावायच्या. साडेनऊचा ब्लॉक साडेअकरा होतो, सव्वानऊचा सव्वाअकरा होतो, दोन्ही छाटून ११ करायचे. मोठ्याच्या चारी बाजूंनी पाव इंच जातो, छोट्याच्या एक सूत. गोधडीत जोडल्यावर मोठ्या ब्लॉकभोवती पाऊण इंच राखाडी दिसणार आणि छोट्याभोवती सात सूत. फरक एका सुताचा, आणि शेजारच्या ब्लॉकची चौकट त्याला लागून आली की दीड इंचाची राखाडी पट्टी दिसते, त्यात एक सूत कोण शोधणार. मला माहिती आहे म्हणून मी शोधते, ते सोडा.

आता खरी मजा. चौकट धरून ब्लॉक साडेदहाचा झाला. ६३ इंच लांबीला सहाच पुरतात, बरोब्बर ६३. रुंदीला पाच, साडेबावन्न. म्हणजे ४२ नकोत, ३० पुरे. माझ्याकडे २७ होते. हे पहिल्यांदा नवखीच्या लक्षात आलं, ती बोटांवर मोजत होती, आणि तिने सांगितल्यावर खोलीत दोन सेकंद कुणीच बोललं नाही. मग मी बॉर्डरवर पाणी सोडलं, रुंदीत साडेसात आणि लांबीत सहा इंच गोधडी लहान झाली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

मशीनवालीने सुई दोन घरं उजवीकडे सरकवली, परत तीन पट्ट्यांची तपासणी, मधली नेमकी एक इंच. (हे फक्त रुंद भोकाच्या फूटवर आणि प्लेटवर करायचं, सरळ टाक्याची एकाच भोकाची प्लेट असेल तर सुई तिच्यावर आदळून तुटते.) उरलेले तीन ब्लॉक मी तिच्यासमोर शिवले, प्रत्येकाला पट्टी लावून दाखवली. साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ.

शनिवार दुपार, आणि कुणी काय करायचं

इथे मला जे सांगायचंय ते येतं. मैत्रिणींच्या घोळक्यात कुठलं काम वाढतं आणि कुठलं बिघडतं हे ह्या एका दुपारी इतकं साफ दिसलं.

पट्ट्या कापायला मी खोलीतच सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या पट्टीला कुणीतरी काहीतरी बोललं, मी हसत वर बघितलं, आणि पुढच्या दोन पट्ट्या दीडऐवजी सव्वा इंचाच्या कापल्या. कापड मोजकं होतं, पोटात गोळा आला. तेव्हा मशीनवालीने काही न बोलता मॅट, कटर, पट्टी उचलली, बाहेर व्हरांड्यात टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, आता इथे कुणी येणार नाही. उरलेल्या पट्ट्या तिथे वीस-पंचवीस मिनिटांत कापून झाल्या, एकही न चुकता.

शिवणं मात्र खोलीतच झालं, आणि धो धो झालं. मी पट्ट्या जोडायची, नवखी इस्त्री करायची आणि पॅसेजमधून ओरडून विचारायची की शिवण कुठल्या बाजूला दाबू, राखाडीकडे, प्रत्येक वेळी राखाडीकडे. इस्त्री घासायची नाही, नुसती ठेवायची आणि उचलायची, हे तिला आधी माहीत नव्हतं, तिने पहिला ब्लॉक कपड्यांसारखा घासून तिरका केला होता. मशीनवाली छाटायला, कारण तिचं मन सगळ्यात चिकट. साडेबारा इंची चौकोनी पट्टीवर मधोमध टेपने खूण केली, ती खूण ब्लॉकच्या मधल्या चौकोनाच्या मध्यावर ठेवायची आणि मगच कापायचं, नाहीतर एका बाजूला चौकट जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. संध्याकाळी आठपर्यंत २२ ब्लॉक चौकटीत बसले होते. एकटीने मला ते दोन आठवडे लागले असते.

आणि त्या सव्वा इंची दोन पट्ट्या वाया गेल्या नाहीत. साडेनऊच्या ब्लॉकला सव्वाची पट्टी लावली की तो थेट ११ चा होतो, छाटायला काही उरतच नाही. दोन ब्लॉक तसे केले, जीव मुठीत धरून. शिवाय त्या दोन पट्ट्यांत अर्धा इंच कापड वाचलं. ५९ मधून चौकटींचे साडेचव्वेचाळीस गेले, कड सरळ करायला एक इंच गेला, उरलं साडेतेरा. गोटाला परीघ २३१ इंच, टोकं जुळवायला दहा-बारा जास्तीचे, म्हणजे सहा पट्ट्या. मी एरवी अडीच इंची गोट कापते, ते बसत नव्हतं. सव्वादोनच्या सहा पट्ट्या, साडेतेरा. शेवटची पट्टी निघाली तेव्हा मॅटवर फक्त दोरे होते.

मांडणीचं काम तर एकटीने करूच नये अशा मताची मी झालेय. रात्री सगळे ब्लॉक भिंतीवर आणि जमिनीवर मांडले, मला तासभर बघून काही दिसेना, हातशिलाईवालीने फोनवर एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. रंग गेले आणि राहिला नुसता गडद-फिका. डाव्या खालच्या कोपऱ्यात चार गडद ब्लॉक गोळा झाले होते, डाग पडल्यासारखे. तीन अदलाबदली केल्या, परत फोटो, झालं. लहान अकराही पसरवून टाकले, कुठेही दोन शेजारी नाहीत.

ह्यात कुणाचं काय गेलं

माझं काम पुढे गेलं ते दुसऱ्यांच्या वेळावर, हे लिहायलाच हवं. मशीनवाली स्वतःची गोधडी घेऊन आली होती, तिला शनिवारी तीन थर एकत्र करून रविवारी वॉकिंग फूटने, म्हणजे सगळे थर एकसारखे सरकवणाऱ्या फूटने, सरळ रेघा शिवायच्या होत्या. तिची शनिवारची दुपार माझे ब्लॉक छाटण्यात गेली. नवखीच्या पट्ट्या अर्ध्याच झाल्या, पण तिचं म्हणणं असं की इस्त्री करायला शिकले ते पुष्कळ झालं, आणि मला ते पटलं नाही, ती सभ्यपणे बोलत होती. हातशिलाईवालीचं काहीच गेलं नाही, तिचे षटकोन मांडीवर होत राहिले.

म्हणून रात्री साडेदहानंतर मी मशीनवालीबरोबर जमिनीवर बसले. खाली अस्तर उलटं पसरून कडा टेपने ताणून चिकटवल्या, वर बॅटिंग, म्हणजे मधला मऊ थर, वर तिचा जोडलेला भाग, आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, मुठीएवढ्या अंतरावर एकेक सेफ्टी पिन. शंभरच्या वर पिना गेल्या. सकाळच्या भांडणाबद्दल दोघी काही बोललो नाही. साधारण साठाव्या पिनेला ती म्हणाली की तो फूट तिने स्वतःसुद्धा कधी मोजला नव्हता, त्या मशीनवर ती फक्त पडदे शिवते.

रविवार, आणि त्यानंतर

सकाळी आठ ते साडेबारा. उरलेल्या आठ चौकटी, मग सहा ओळी. ब्लॉकला ब्लॉक जोडताना आता टोकं जुळवायची भानगड नव्हती, राखाडीला राखाडी लागते. फक्त एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबल्या, पुढच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे लांब शिवण मारताना त्या एकमेकींत खटकन बसतात, बोटाला कळतं. पाच लांब शिवणींपैकी चार झाल्या. तीन ओळींचा एक भाग, तीन ओळींचा दुसरा, आणि त्यांना जोडणारी साडेबावन्न इंचाची एक शिवण राहिली, कारण तोवर इस्त्री गाडीत गेली होती आणि मशीनचं झाकण लागलं होतं.

ती एक शिवण घरी मारायला मला २३ दिवस लागले. वीस मिनिटांचं काम. रोज ते दोन भाग खुर्चीवर दिसायचे. शेवटी एका रात्री मशीनवालीचा फोन आला, तिच्या रेघा कुठवर आल्या ते सांगायला, तो स्पीकरवर टाकला आणि बोलत बोलत मारली. शिवण बरोबर पाव इंचाची आहे, फोन ठेवल्यावर मोजली.

सुटं सामान बारा ब्लॉकचं उरलंय. त्रिकोणवाले ४८, पट्ट्यावाले ४८, मधले १२. डबा पुढच्या वेळेसाठी तयार आहे. त्यात माझा पाव इंची फूट टाकणार होते, मग कळलं की तो मशीनवालीच्या मशीनला बसतच नाही, दोघींच्या मशीनांच्या दांड्यांची उंची वेगळी आहे. म्हणून ती तीन पट्ट्यांची पट्टी टाकलीये, मधली सात सुतांची असलेली.